अक्षर काळे करणारी शाईच कागद खाते

१८६७ साली मिशेल शाल या नामांकित भूमितीतज्ज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे काही जुनी पत्रे ठेवली. अक्षर म्हणे फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कालचे. मजकुरावरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी पास्कालला गवसला होता, असे दिसत होते. ही पत्रे शाल यांना डेनिस व्रँ-ल्युका नावाच्या माणसाने विकली होती. १८६१ पासून त्याने त्यांच्या गळ्यात २७ हजारांवर पत्रे मारली. त्यांत क्लिओपात्राने सीझरला लिहिलेले एक पत्र होते, आणि तेही फ्रेंचमध्ये! तरीही मला शाल यांची कीवच येते. आवडत्या माणसाचे हस्ताक्षर हातात आले की भली भली माणसे शंका घ्यायची विसरतात.

ग्लासगोचे खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी पत्रांतले आकडे तपासले. ते न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीतले निघाले. पास्काल १६६२ मध्येच वारला होता. म्हणजे पत्रे बनावट होती. १८७० मध्ये व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली.

समजा, पत्रांत आकडे नसतेच तर? तरी कागदाने काही सांगितले असते. व्रँ-ल्युका जुन्या पुस्तकांतली कोरी पाने वापरायचा, म्हणजे कागद खरोखर जुना होता. पण पूर्वी युरोपात लिहायच्या कागदाला सरसाची खळ देत, आणि काळ लोटला की ती खळ कमजोर होते. अशा कागदावर ताजी शाई टेकवली की ती फुटते, अक्षराच्या कडा केसाळ होतात. घडीही बोलते. पत्र आधी लिहून मग दुमडतात. शाई घडीच्या तुटलेल्या तंतूंत उतरलेली दिसली, तर कागद आधी दुमडला आणि लेखन मागाहून झाले. साध्या भिंगातूनही हे दिसू शकते.

त्या काळची युरोपातली नेहमीची शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. मायफळात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, हिराकशीत लोह. दोन्ही पाण्यात मिसळले की फिकट द्रव तयार होतो. तो कागदात मुरतो आणि हवेतला ऑक्सिजन लागला की अक्षर काळे पडते. काळेपणा तंतूंच्या आत तयार होत असल्यामुळे नुसते खरवडून अक्षर नीट पुसले जात नाही. म्हणूनच करारनाम्यांपासून प्रेमपत्रांपर्यंत सगळीकडे ही शाई चालली.

पण त्याच प्रक्रियेत गंधकाम्लही तयार होते. ते कागदातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. शाई करताना हिराकस जास्त पडली असेल, तर उरलेले मोकळे लोह ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवते. आधी काळे अक्षर तपकिरी होते, मग पाठीमागून दिसू लागते, शेवटी तेवढाच भाग गळून पडतो आणि अक्षराच्या आकाराचे भोक उरते. लेखकाने जिथे शाई भरभरून ओतली, जोर देऊन खाडाखोड केली, तिथेच कागद आधी जातो. मला हे फार चटका लावणारे वाटते, कारण लेखकाचे मन बदललेले दिसते ते नेमके त्या खाडाखोडीत.

आपल्याकडे बोरूने लिहिताना काजळाची शाई वापरत. काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन. तो उडत नाही, कागद खात नाही, म्हणून जुन्या पोथ्यांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. मात्र ती शाई कागदाच्या पृष्ठभागावरच बसते, पाणी लागले की पसरते.

मोकळे लोह ओळखायला संवर्धक, म्हणजे जुने कागद जतन करणारे तज्ज्ञ, एक सोपी चाचणी करतात. बॅथोफेनॅन्थ्रोलिन हे रसायन लावलेली कागदाची पट्टी ओलसर करून अक्षरावर टेकवायची. ती गुलाबी झाली तर धोका आहे. उपायाची गोष्ट मला फार आवडते. धान्याच्या कोंड्यात फायटेट असते. ते लोह धरून ठेवते, म्हणून अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. नेदरलंड्सचे योहान नेव्हेल यांनी १९९० च्या दशकात हाच गुण पत्रांच्या कामी आणला. कॅल्शियम फायटेटने लोह बांधायचे, मग कॅल्शियम बायकार्बोनेटने आम्ल मारायचे. हे काम तज्ज्ञाचेच. घरी पाण्याचा थेंबही लावू नये.

आपल्या घरांत असतात ती विसाव्या शतकातली पत्रे. त्यांतली पुष्कळ फाउंटन पेनाच्या निळ्या शाईने लिहिलेली. तिथे लोह नसते, नुसता रंग असतो आणि तो उजेडात उडतो. कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडणारा. त्यामुळे एखाद्या लेखकाचे पत्र आपल्याकडे असेल तर ते लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, टाचणी आधी काढा. पावसाळ्यात तीही गंजून कागद खाते. पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा. फ्रेम करायची हौस असेल तर भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा आणि मूळ पत्र अंधारातच राहू द्या.