चिकूच्या भावकीतला चेंडू

21 एप्रिल 1943. सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर रेड्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांची बेसबॉलच्या मोसमातली सलामीची मॅच. कार्डिनल्स आदल्या वर्षीचे वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे, विजेते. तरीही नऊ इनिंग संपल्या, दहावी संपली, फळा कोराच. अकरावीत रेड्सची एकच धाव झाली आणि त्यांनी 1-0 अशी मॅच मारली. रेड्सचा जॉनी व्हँडर मीर आणि कार्डिनल्सचा मॉर्ट कूपर हे दोघेही पिचर (म्हणजे चेंडू टाकणारे) तगडे होते, हे खरंच. पण मोसमाच्या पहिल्या 29 मॅचपैकी 11 मध्ये एका संघाला भोपळा फोडता आला नाही, तेव्हा सगळ्यांची नजर चेंडूकडे वळली. धावा आटल्या की आपल्याकडे कुणाची तरी ‘पनवती’ शोधतात. त्याआधी चेंडू कापून बघायला हवा!

बेसबॉलच्या चेंडूत मधे बूच, त्यावर रबराची कवचं, मग लोकरीच्या धाग्याचे वेढे आणि वरून चामडं. 1942 मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेला येणारं बहुतेक सगळं रबर बंद झालं. जे उरलं ते युद्धासाठी. म्हणून चेंडू बनवणाऱ्या स्पाल्डिंग कंपनीने रबराऐवजी बलाटा वापरला. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाचा हा चीक. झाडाचं नाव मनिल्कारा बायडेंटाटा आणि आपला चिकू मनिल्कारा झपोटा; म्हणजे घोलवडच्या वाड्यांतल्या झाडांची ही सख्खी भावकी.

रेड्सचे जनरल मॅनेजर वॉरन जाइल्स यांनी स्टेडियमच्या छतावरून जुने आणि नवे चेंडू टाकून पाहिले. जुने सरासरी 13 फूट उसळले, नवे साडेनऊ. उसळीची उंची म्हणजे परत मिळालेली ऊर्जा, म्हणजे ती सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटली. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो साधारण 14-15 टक्क्यांनी कमी. कुंपणापलीकडे जाणारा फटका अलीकडच्या खेळाडूच्या हातात पडायला एवढं पुरे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रबर आणि बलाटा या दोघांचंही रासायनिक सूत्र एकच! दोन्ही आयसोप्रीन नावाच्या छोट्या रेणूच्या लांबलचक साखळ्या. फरक एवढाच की रबरात प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळीची दोन्ही टोकं एकाच बाजूला निघतात (सिस रचना), बलाटात विरुद्ध बाजूंना (ट्रान्स). सिस साखळी वेडीवाकडी होते, शेजारणीला नीट चिकटून बसत नाही आणि उष्णतेने सतत वळवळत राहते. ताणली की सरळ होते. पण सरळ राहण्याच्या तऱ्हा मोजक्या आणि गुंतून राहण्याच्या असंख्य, म्हणून सोडताच ती गुंत्याकडे परतते. रबराची उसळी मुख्यतः या शक्यतांच्या हिशेबातून, म्हणजेच एन्ट्रॉपीतून येते. ट्रान्स साखळ्या मात्र खराट्याच्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी लागतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. त्यांची वळवळ थांबते. दाबलं तर ऊर्जेचा मोठा हिस्सा आतल्या आत उष्णता होऊन जातो. ‘सूत्र तेच, म्हणून गुण तेच’ अशी जाहिरात दिसली की मला बलाटा आठवतो.

हाच ट्रान्स पदार्थ तुमच्या तोंडातही असू शकतो. रूट कॅनॉल झाल्यावर दाताच्या मुळात भरतात ती गट्टापर्चा! गरम केली की मऊ, थंड झाली की घट्ट. दाताला नेमकं तेच हवं असतं, चेंडूला नको असतं.

सगळा दोष बलाटाचा नव्हता, हेही सांगायला हवं. लोकरीचे थर चिकटवायला वापरलेला डिंक हलक्या प्रतीचा निघाला आणि सुकून कडक झाला, असं स्पाल्डिंगने सांगितलं. मे महिन्यात सुधारलेले चेंडू आले आणि फटके पुन्हा लांब जाऊ लागले. 1944 मध्ये कृत्रिम रबर मिळू लागलं आणि बलाटा चेंडूतून निघून गेला.