भुईमूग (शेंगदाणा)

भुईमूग हे शेंगवर्गातलं पीक, म्हणजे तूर-हरभऱ्याचं भावंड, पण याच्या शेंगा जमिनीखाली लागतात म्हणून बरेच जण त्याला कंदच समजतात. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला. शास्त्रीय नाव अरॅकिस हायपोजिया. उपट्या (उभ्या वाढणाऱ्या), निमपसऱ्या आणि पसऱ्या (जमिनीवर पसरणाऱ्या) अशा याच्या जाती असतात, उपट्यात जळगावची जेएल २४ म्हणजे फुले प्रगती शेतकऱ्यांच्या चांगलीच ओळखीची.

याची खरी गंमत फुलात आहे. पेरणीनंतर महिनाभरात पिवळी फुलं येतात, फूल सुकलं की त्याच्या बुडातून एक जाडसर दोऱ्यासारखी आरी निघते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग धरते. म्हणून जमीन भुसभुशीत लागते, आणि आऱ्या मातीत शिरल्या की कोळपणी (ओळींमधली तण काढणारी उकरणी) बंद, नाहीतर त्या तुटतात. शेंग तिला लागणारा कॅल्शियम मुळांकडून नाही तर थेट आजूबाजूच्या मातीतून घेते, त्यासाठीच फुलोऱ्यात जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) टाकतात.

नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना कांदा आणि द्राक्षं आठवतात, पण भुईमूगही इथे खरिपात आणि पाणी असेल तिथे उन्हाळ्यातही घेतात. काढणीला आला का बघायला एक वेल उपटायचा, माती झटकायची, शेंग फोडून टरफल आतून काळपट झालंय का ते बघायचं. भारी काळ्या जमिनीत वाफसा (मातीतली योग्य ओल) गेला की शेंगा मातीतच तुटून राहतात, मग कुदळीने उकरत बसावं लागतं. काढलेल्या शेंगा नीट वाळवायलाच हव्यात, ओल राहिली तर बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते भाजूनही पूर्ण जात नाही, त्यामुळे कुबट, काळा पडलेला दाणा सरळ फेकून द्यावा.

दाण्यात जवळपास निम्मं तेल आणि पाव भाग प्रथिनं. तेल काढल्यावर उरलेली पेंड आणि वाळलेला पाला जनावरांना जातो, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तेव्हा पुढच्या पिकालाही फायदाच. घरात कूट तर रोजच लागतं, भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत. नाशकात भगरीच्या गिरण्या बऱ्याच, त्यामुळे उपासाला भगर आणि दाण्याची आमटी हे ठरलेलंच. आमटीसाठी दाणे मंद आचेवर भाजावेत, साल हाताने चोळल्यावर सुटली की झालं, घाईत मोठ्या आचेवर भाजले तर बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात आणि सगळी आमटी कडवट लागते.