ट्रकचा इंधनखप आणि सिम्युलेशन: प्रमाणपत्रापर्यंतची पार्श्वभूमी

वाहननिर्मितीत सिम्युलेशन आधी रुजले ते सांगाड्याच्या मजबुतीसाठी आणि टकरीच्या अभ्यासासाठी. विमान व अवकाश क्षेत्रात वाढलेली फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे रचनेचे असंख्य लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण गणण्याची रीत, मोटारींकडे आली आणि १९८० च्या दशकात सुपरकॉम्प्युटरवर संपूर्ण मोटारीची समोरून होणारी धडक गणून काढता येऊ लागली. तरीही ते गणित विकास विभागापुरतेच होते. नियामकापुढे शेवटचा शब्द असे तो प्रत्यक्ष चाचणीचा.

हा क्रम सर्वाधिक ठळकपणे मोडला तो अवजड ट्रकच्या बाबतीत. मोटारीला रोलरवर चढवून तिचा इंधनखप मोजणे सोपे आहे. ट्रकचे मात्र एकच इंजिन निरनिराळ्या गिअरबॉक्स, अॅक्सल, टायर आणि केबिनसह विकले जाते, त्यामुळे प्रत्येक जोडणीची स्वतंत्र चाचणी व्यवहार्य नव्हती. म्हणून दीर्घकाळ फक्त इंजिनच बेंचवर तपासले जाई आणि संपूर्ण गाडी किती डिझेल पिते, याचा अधिकृत आकडाच नसे. अमेरिकेत २०११ च्या नियमांनी हे काम सॉफ्टवेअरवर सोपवले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम केला आणि २०१९ पासून मोठ्या ट्रकसाठी 'व्हेक्टो' हे इंधनखप गणून काढणारे सॉफ्टवेअर लागू झाले.

व्हेक्टोत मार्गाची आखणी वेळेवर नव्हे, तर अंतरावर बेतलेली आहे. भरलेला ट्रक चढावर ठरलेला वेग राखू शकत नाही. सेकंदांनुसार वेग बांधून दिला, तर कमकुवत इंजिनाचा ट्रक तेवढ्याच वेळात कमी अंतर कापेल आणि तुलनाच बिघडेल.

वाद आहे तो मॉडेलमध्ये भरल्या जाणाऱ्या आकड्यांचा. इंजिनाचा इंधन-नकाशा (वेग आणि भारानुसार इंधनखपाचा तक्ता), हवेचा अवरोध, गिअरबॉक्समधील घट यांची मोजणी उत्पादकच साक्षीदारांसमोर करतात. न मोजलेल्या भागांना मुद्दाम प्रतिकूल ठरवलेली प्रमाण मूल्ये लागतात. मोजणीस भाग पाडण्याचा हा मार्ग, प्रस्तुत लेखकाच्या मते, संपूर्ण नियमावलीतील सर्वांत शहाणपणाचा भाग होय. पडताळणीसाठी तयार ट्रक रस्त्यावर चालवून चाकांवरचा टॉर्क (फिरवणारा जोर) आणि इंधन मोजतात, आणि गणितापेक्षा प्रत्यक्ष खप साडेसात टक्क्यांपर्यंत जास्त आला तरी तो ग्राह्य धरतात. ही सवलत सैल आहे, हा टीकाकारांचा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही. कारण त्याच सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर उभी असलेली कार्बन डायऑक्साइड कपातीची उद्दिष्टे टक्क्यांतच मोजली जातात: २०२५ पासून १५ टक्के, २०३० साठी पूर्वी ३० आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर ४५.

उद्दिष्ट चुकल्यास टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक जादा ग्रॅमसाठी, प्रत्येक वाहनामागे ४,२५० युरो दंड आहे. त्यामुळे हवेच्या अवरोधाचा एक आकडा दशांशाच्या दुसऱ्या स्थानी सुधारण्यासाठीही उत्पादक आता चाचणी-मार्ग आरक्षित करतात.