प्रॉम्प्टिंग

एआय भाषा मॉडेलकडून हवे ते काम करून घेण्यासाठी सूचना लिहिण्याची रीत. मॉडेलपुढे ठेवलेल्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. मॉडेल मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करते आणि आधीच्या तुकड्यांवरून पुढचा कोणता येईल याचा अंदाज बांधत उत्तर रचते. सांगायचे राहून गेलेले तेही अंदाजानेच भरते. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड मागावर, पूर्वापार छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून उतरते. कार्ड तेच, तर नक्षी तीच. प्रॉम्प्टचे तसे नाही. तोच पुन्हा दिला तरी उत्तर बदलू शकते.

संदर्भ : चादरीच्या दुकानात निरोप येतो, ‘डबल १२, मोरपंखी, गड्ड्याच्या आधी पाठवा.’ सोलापूरकर यात अडखळत नाही. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वर यात्रा. इतरत्र गड्डा कोबीचा असतो आणि मॉडेलही तिकडेच वळू शकते. अर्थ सांगणारे एक वाक्य वर जोडले की मुदत कळते. नुसते ‘नीट वाच’ लिहून काही साधत नाही. निरोपात तेलुगू, कन्नड मिसळलेली असेल, तर उत्तर कोणत्या भाषेत हवे तेही सांगावे.

नमुने : उदाहरणाविना सूचना म्हणजे झिरो-शॉट; मोजके नमुने जोडले की फ्यू-शॉट. जीपीटी-३ या भाषा मॉडेलवरील २०२० च्या शोधनिबंधाने हे तंत्र चर्चेत आणले. ‘सिंगल ५, लाल, सोमवारी’ या निरोपासमोर ‘माल : सिंगल चादर, नग : ५, रंग : लाल, मुदत : सोमवार’ असे दोन-तीन नमुने दिले की पुढचे निरोप त्याच साच्यात बसतात. त्यांत रंग न सांगितलेला एक निरोप मुद्दाम ठेवावा आणि समोर ‘रंग : विचारावा’ लिहावे. नाहीतर मॉडेल रंगही परस्पर ठरवून मोकळे होते.

टप्पे : आकडेमोडीत आधी पायऱ्या मांडायला लावल्या की उत्तर सुधारते, हे २०२२ मधील संशोधनात दिसले. नव्या, स्वतःच टप्प्यांनी विचार करणाऱ्या मॉडेलांना हे सांगण्याची गरज कमी पडते. ‘तू तज्ज्ञ आहेस’ या लाडक्या वाक्याने सूर बदलतो, माहिती वाढतेच असे नाही.

पडताळणी : मॉडेल चुकीची गोष्टही ठामपणे सांगते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी झाली. ही खरी नोंद; अशा नोंदी विचारताना मूळ मजकूरच प्रॉम्प्टमध्ये चिकटवावा आणि ‘यात नसेल तर तसे सांग’ असे लिहावे. तरीही उत्तरात पाचवे नाव आलेच, तर ते त्या मजकुरात शोधावे.