दातांचा दवाखाना आणि सातपुड्याचा अर्धा नकाशा

खानदेशातल्या दातांच्या दवाखान्यांचा नकाशा आज संगणकावर दुपारभरात काढता येतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा इथे ठिपक्यांची गर्दी दिसते. शहाद्याच्या पुढे डोंगर चढायला लागलं, धडगाव-मोलगीकडे सरकलं, की ठिपके विरळ होत जातात. तिथे दवाखाने कमी आहेत, हे खरंच. पण तिथली माणसंही नकाशावर धड आलेली नाहीत, आणि हे दुखणं दवाखान्यांपेक्षा बरंच जुनं आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तापीकाठच्या काळ्या जमिनीची शेत न् शेत मोजणी झाली, कारण त्यातून सारा मिळायचा. डोंगरात मोजलं गेलं ते जंगल, लाकडासाठी. भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे या दोन्ही हिशेबांत बसत नव्हते. वनगावं तशीच राहिली, आणि त्यातल्या काहींना महसुली गावाचा दर्जा मिळाला तो अगदी अलीकडे. त्यात या भागातलं ‘गाव’ म्हणजे एक ठिपका नव्हेच. एकेक घर आपापल्या टेकाडावर, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला मधली दरी उतरून चढायची. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना झळ पोहोचली, तेव्हा काही वाटा पाण्याखाली गेल्या आणि नर्मदाकाठी होडी हाच रस्ता झाला.

आरोग्याच्या नकाशांची गोष्ट बहुतेक जण १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यापासून सुरू करतात. पण डॉक्टर जॉन स्नोने त्या साथीचा काढलेला नकाशा आजार कुठे पसरलाय ते दाखवत होता. दवाखाना कोणाला गाठता येतो, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं गणित वैद्यकातून आलेलंच नाही. १९५९ मध्ये वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी नियोजकाने ‘पोहोच’ मोजण्याचं सूत्र मांडलं ते वस्ती आणि रोजगाराच्या संदर्भात. २००३ मध्ये वेई लुओ आणि फाहुई वांग यांनी शिकागो परिसरातल्या डॉक्टरांसाठी दोन टप्प्यांची पद्धत वापरली. आधी प्रत्येक दवाखान्यापासून ठरावीक वेळेच्या प्रवासात येणारी लोकसंख्या मोजायची आणि त्यातल्या दर माणसाच्या वाट्याला किती डॉक्टर येतात ते काढायचं. मग उलट बाजूने, प्रत्येक वस्तीतून तेवढ्याच वेळात गाठता येणाऱ्या दवाखान्यांचे वाटे एकत्र करायचे. दंतसेवेचे अभ्यासही पुढे याच वाटेने गेले.

आपल्याकडे मात्र हिशेब राहिला तो डोक्यांचा. सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ग्रामीण रुग्णालयासाठी हेच आकडे १,२०,००० आणि ८०,०००. दातांची खुर्ची सहसा या वरच्या पायरीवरच भेटते. डोंगरासाठी निकष सैल केला हे चांगलंच झालं, पण पावसाळ्यात धडगावकडे चढणाऱ्या चांदसैली घाटात दरड कोसळली की २०,००० काय आणि ८०,००० काय!

दातांच्या बाबतीत अंतर जास्त महाग पडतं. बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला बांबूची झोळी करून खाली आणतात, दाढ दुखते म्हणून कोणी झोळी बांधत नाही. शिवाय दाढ काढायला एक खेप पुरते, तीच दाढ रूट कॅनाल करून वाचवायची तर बहुधा दोन-तीन खेपा. प्रत्येक खेपेला काळी-पिवळीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते. मग लांबचा माणूस दाढ काढूनच मोकळा होतो, त्याला ती वाचवायची नव्हती असं थोडंच आहे? तंबाखू आणि मशेरीमुळे तोंडात उठलेला पांढरा चट्टा तर दुखतही नाही, त्यासाठी मुद्दाम खाली कोण उतरणार? म्हणून दंतसेवेच्या नकाशात एका फेरीची मिनिटं मोजून भागत नाही. उपचार पूर्ण व्हायला लागणाऱ्या सगळ्या फेऱ्या धरायला हव्यात, आणि त्याही बाजाराच्या दिवशीच्या, कारण गाडी खात्रीने मिळते ती त्या दिवशी.

साधनांची अडचण आता फारशी नाही. इस्रोचं ‘भुवन’ हे उपग्रह-नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे तयार करण्यावरची बरीच बंधनं उठवली. उपग्रहाच्या चित्रात टेकाडावरचं घरही दिसतं. दिसत नाही ते पाड्याचं नाव, आणि ओढ्याला पूर आल्यावर कोणती वाट बंद होते ते. ही माहिती आशाताईंकडे असते, कारण घरोघर त्याच फिरतात. दंत महाविद्यालयाच्या फिरत्या व्हॅनचे थांबे ठरवायचे असतील, तर संगणकावर वर्तुळं काढण्याआधी त्यांना सोबत घेऊन पाडे आणि वाटा नकाशावर चढवायला हव्यात. ते न करता निघालेली व्हॅन डांबरी रस्ता संपतो तिथेच उभी राहील.