तळहातातली चरबीची गाठ: नर्व्हशेजारची आणि नर्व्हच्या आतली

लायपोमा सगळ्यांच्या ओळखीचा. पाठीवर किंवा दंडावर येणारी मऊ, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ. हातात तो क्वचित होतो आणि झालाच तर बहुधा तळव्यात खोलवर असतो, त्यामुळे तिथे तो सहज सरकत नाही. गँग्लियन (सांध्याजवळची द्रव भरलेली गाठ) की लायपोमा, हा प्रश्न सोनोग्राफीत सुटतो: एकात द्रव, दुसऱ्यात चरबी.

खरा घोळ पुढे आहे. मिडियन नर्व्हचा, म्हणजे मनगटातून तळव्यात येणाऱ्या मुख्य नर्व्हचा, लायपोफायब्रोमॅटस हॅमार्टोमा हीसुद्धा चरबीचीच सौम्य गाठ. दोन्हींमुळे अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊ शकतात. मग ‘चरबीच आहे, काढून टाकू’ हे वाक्य कानावर येतं, आणि मला त्याचाच राग आहे. लायपोमा स्वतःच्या पातळ आवरणात असतो. त्याने नर्व्ह बाजूला ढकलली असली तरी तो अलगद सोडवता येतो. हॅमार्टोमात चरबी आणि तंतुमय ऊती नर्व्हच्या आत, तिच्या तंतूंच्या जुडग्यांच्या मधोमध वाढलेल्या असतात. सोडवायला कडाच नसते. ती गाठ कापणं म्हणजे नर्व्ह कापणं: बोटांची संवेदना जाते, अंगठा बोटांसमोर आणण्याची ताकद जाते.

वय थोडी दिशा दाखवतं. हॅमार्टोमा बहुधा लहानपणी किंवा तिशीच्या आत लक्षात येतो, कधी जोडीला एखादं बोट जन्मापासून मोठं असतं. लायपोमा सहसा चाळिशीनंतरचा.

पण निकाल एमआरआयच देतो, तोही नीट पाहिला तर. चरबी दोन्हींत दिसणार, म्हणून ‘चरबीयुक्त गाठ’ एवढाच रिपोर्ट अपुरा आहे. आडवा छेद पाहावा. लायपोमात एकसारखी चरबी आणि शेजारी नर्व्ह. हॅमार्टोमात नर्व्हच जाड झालेली आणि चरबीत तिच्या जुडग्यांचे काळे ठिपके, कापलेल्या केबलमधल्या तारांसारखे. हे चित्र इतकं नेमकं असतं की बायोप्सीची गरज सहसा पडत नाही. तळव्यात खोल गाठ आणि मुंग्या असतील तर एमआरआयशिवाय चाकू लावू नये, आणि फिल्म सर्जनने स्वतः पाहावी.

लायपोमा नर्व्ह जपत पूर्ण काढावा आणि तपासणीला पाठवावाच. 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, झपाट्याने वाढणारी किंवा आत जाड पडदे असलेली गाठ असेल, तर लायपोसार्कोमाची (चरबीच्या कर्करोगाची) शंका आधीच घ्यावी.

हॅमार्टोमात त्रास असेल तर कार्पल टनेल (मनगटातली नर्व्हची अरुंद वाट) मोकळा करतात, गाठ तशीच ठेवतात. ऑपरेशननंतरही ती गाठ हाताला जाणवणारच, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगावं. नाहीतर काम अर्धवट राहिलं असं समजून तो ती काढून घ्यायला दुसरीकडे जातो.