लोहाच्या गोळ्या लागू पडत नाहीत तेव्हा

मुलीचं हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, जंताचं औषध झालं. वर्गात ती सगळ्यांत बुटकी, पण घरचे म्हणतात, आमच्या घराण्यातच उंची नाही. तिचं पोट कधी दुखलेलं नसतं, जुलाबही नसतात. मग आतड्याची शंका घेणार कोण?

सिलिॲक हा आजार बऱ्याचदा असाच लपून राहतो. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतल्या अस्तरावरची मखमलीसारखी बारीक लव झिजून सपाट होते. अन्नातलं लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि नेमका तिथेच या आजाराचा मार बसतो. म्हणून गोळ्या लागू पडत नाहीत. कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणाची पाळी उशिरा येते, कुणाला मूल राहत नाही. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा, त्यामुळे धागा जुळत नाही.

हा गोऱ्यांचा आजार, असं आपल्याकडे बराच काळ मानलं गेलं. पण दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण 96 जणांमागे एकाला तो आढळला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या आजाराची प्रतिपिंडं (रोगप्रतिकारक यंत्रणेने बनवलेली प्रथिनं) रक्तात सापडण्याचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के निघालं, दक्षिणेत अवघं 0.10. या आजाराला लागणारी जनुकं मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच लोकांत होती. फरक होता ताटातल्या गव्हाचा. भाकरी मागे पडून दोन्ही वेळ पोळी आलेल्या आपल्या घरांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

शंका आली तर ही प्रतिपिंडं शोधणारी टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात. गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. इथे एक चूक फार महागात पडते: कुणीतरी सांगितलं म्हणून आधीच गहू सोडणं. गहू बंद झाला की रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो. तपासणी होईपर्यंत पोळी चालूच ठेवा.

निदान झाल्यावर मात्र गहू जन्माचा सुटतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. फक्त दळण गव्हावर टाकून आणू नका, आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.